एक लाख तीनचा पंप

"थांब, भाग जातो का बघू दे," असं म्हणून मामा डोळे मिटायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागायचे. कुठलाही मोठा आकडा समोर आला की हे ठरलेलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पण आमच्या मामांइतका चिवट नसेल.

आनंदनगरच्या एमआयडीसीत आम्ही पंपांच्या कारखान्यात कामाला होतो; तिथे सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पंप पाण्याच्या चाचणीत पास झाला की मामा त्याच्या पितळी पट्टीवर पुढचा नंबर ठोकायचे. लोखंडी ठसे, हातोडी आणि एकेक अंक. शेजारच्या टेबलावर मी.

नंबरांची त्यांनी स्वतःची वर्गवारी केली होती. सम संख्या म्हणजे गरीब बिचाऱ्या. तीनने भाग जाणाऱ्या लबाड, कारण अंकांची बेरीज केल्याशिवाय त्या सापडत नाहीत. आणि एक व स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणाऱ्या मूळ संख्या म्हणजे खरी माणसं. माझा हजेरीचा नंबर एक्क्याण्णव. "दिसतो कसा रुबाबदार," मामा म्हणायचे, "आणि सातने जातो."

सगळ्यांकडे मोबाईल आले तेव्हा मी त्यांना उल्हासनगरात एका सिंधी दुकानदाराकडे नेलं. मामा प्रत्येक नंबर घेऊन डोळे मिटून उभे. "साईं, टाइम खोटी मत करो, एक उठाओ," दुकानदार काकुळतीला आला. मामांनी मोबाईल घेतलाच नाही.

त्यांना आस होती ती एक लाख तीनची. तीनशे सोळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून त्यांनी खात्री केली होती. सहा अंकी संख्यांतली पहिली मूळ संख्या, ती आपल्या हातून ठोकायची आणि मग निवृत्त व्हायचं. आम्ही खूप चिडवायचो, पण त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी जेवणाची सुट्टी अर्धी करून काम रेटलं.

सकाळी नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव झाला. "पाच अंकांतला शेवटचा खरा माणूस," मामा म्हणाले. "आता मधले अकरा नुसते भरतीचे." त्या भरतीतच एक लाखावा पंप होता. मालकांनी नारळ फोडला, फोटो काढले. मामा बाजूला उभे राहून पुटपुटले, "लाखात आहे काय? नुसते दोन आणि पाच."

चारच्या सुमारास एक लाख तीनचा व्हायचा तो पंप चाचणीला लागला. मामांनी ठसे आधीच पुसून मांडले होते. दाब चढला आणि सांध्यावर एक थेंब आला.

"मामा, एकच थेंब आहे," मी म्हणालो. "रंग लागला की दिसणारही नाही."

"हा नाही," मामा म्हणाले. "गळणाऱ्याला नंबर नाही."

दुसरा पंप तयार नव्हता. भोंगा झाला. मामांनी हातोडी माझ्या हातात दिली. "उद्या तू ठोक." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"गळती थांबली?"

"थांबली."

"ठोकलास?"

"ठोकला, मामा. पण शेवटचा तीन जरा तिरका आला."

मामा म्हणाले, "असू दे. तिरका असला तरी भाग जात नाही."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो पंप कुठल्या तरी विहिरीवर अजून पाणी ओढत असेल. त्याच्यावरचा तिरका तीन माझा. पंप गळत नसेल, तर ते मामांमुळे.