दुसरं गेट

कुणी ‘आपण’ म्हणालं की ते चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि विचारायचे, “आपण म्हणजे कोण, राव?”

चाकणच्या रस्त्यानं तुमचं जाणं-येणं असेल, तर शिफ्ट सुटताना गेटवर बोलणारा हा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. ते एका कारखान्याच्या युनियनचे अध्यक्ष होते. मी कामगारांच्या बातम्या करायचो.

रविवारी युनियनच्या चिखलीतल्या खोलीत त्यांचा अभ्यासवर्ग भरे. चार-पाच जण येत. रात्रपाळी करून आलेले भिंतीला टेकून झोपत.

“उदारमतवादी म्हणतात, आधी माणूस. राष्ट्र त्याच्या संमतीनं उभं राहतं,” ते सांगत. “समाजवादी विचारतात, उपाशी माणसाची संमती घेतली कुणी?” मग थकून म्हणत, “दोघांचंही खरं आहे. चहा सांगा.”

कारखान्याला दोन गेटं. पहिल्यातून कायम कामगार जात, दुसऱ्यातून ठेकेदाराची माणसं. युनियनची सभा नेहमी पहिल्या गेटवर व्हायची. एके दिवशी ते दुसऱ्या गेटवर गेले आणि मोडक्या हिंदीत बोलले. ठेक्यावरच्या कामगारांनाही सभासद करून घ्यायचं, असा ठराव त्यांनी युनियनच्या पुढच्या सभेत मांडला. तो पडला तर अध्यक्षपद सोडेन, असंही सांगून टाकलं.

“अण्णा, बाहेरची माणसं ती. आधी आपलं बघू,” एक जुना सभासद म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला.

“पुसा, पुसा. काच झिजंल एक दिवस.”

सगळे हसले. अण्णाही हसले.

“त्यात लातूरचेही आहेत. तेही बाहेरचे?”

“लातूरचा आपलाच की. पण ठेक्यावरचा न्हाई.”

“पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं एका रांगेत उभे राहता. मग सोळाला दोन गेटं कशी?”

मत घेतलं तेव्हा हात विरोधात वर झाले. ठराव पडला. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मी चार ओळींची बातमी दिली.

रविवारचा वर्ग त्यांनी चालू ठेवला. पुढे पुढे नुसता चहाच व्हायचा.

यंदा ते गेले. शोकसभा पहिल्या गेटवर झाली. तो जुना सभासद आता अध्यक्ष आहे. बोलताना त्याला खरोखरच डोळे पुसावे लागले. रस्त्यापलीकडे ठेकेदाराची माणसं बससाठी उभी होती. त्यांतले काही जण डोक्यावरच्या टोप्या काढून ऐकत होते.

“आज आपण आपला माणूस गमावला,” अध्यक्ष म्हणाला.

मी सवयीनं बाजूला पाहिलं. कुणीच काही विचारलं नाही. बस आली, आणि पलीकडची माणसं चढून गेली.