ज्यांना ढेकूण चावत नसत

देव प्रत्येकाला काही ना काही देऊनच खाली पाठवतो. कोणाला गळा देतो, कोणाला हात देतो. गादीकाकांना त्याने झोप दिली होती. पाठ टेकली की माणूस गेला. उशाशी भांडी आपटा, बाजूची भिंत पाडा, उजाडेपर्यंत काका या जगाचे नसत. दुसऱ्या कोणाला अशी देणगी मिळाली असती तर त्याने आयुष्यभर घरच्यांची बोलणी खाल्ली असती. काकांनी तिच्यावर दुकान उभं केलं.

दुकान गाद्यांचं, भाड्याने द्यायच्या. कोणाकडे लग्न निघालं, कोणाकडे पाहुण्यांची झुंबड उडाली, की काकांच्या गाद्या टेम्पोत बसून निघायच्या आणि कार्य आटोपलं की दमून, चुरगळून परत यायच्या. दुसरे दुकानदार परत आलेली गादी काठीने बडवत आणि थप्पीला लावत. काका तसले नव्हते. परत आलेल्या थप्पीतली मधलीच एक गादी ते ओढून काढत, घरी नेत, स्वतःच्या पलंगावर टाकत आणि तिच्यावर झोपत. सकाळी उठून अंग ताणत, गादीकडे दयेने पाहत आणि म्हणत, "पास." मग खडूने कोपऱ्यात एक रेघ ओढायची, की थप्पी पुढच्या घरी जायला मोकळी. दुकानावर पाटीच होती: 'मालकाने स्वतः झोपून तपासलेल्या गाद्या'. परीक्षक घोरत असताना परीक्षा होते, अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही. ऐकून मात्र पुष्कळ ठाऊक आहेत.

आजवर एकही गादी नापास झाली नव्हती. काकांना हा गाद्यांचा गुण वाटे.

मग काकूंच्या हातावर गांधी उठू लागल्या. एकापुढे एक, ओळीत, शिंप्याने टाके घालावेत तशा. काकूंनी सकाळी चहा देता देता हात पुढे केला.

"हे बघा."

काकांनी चष्मा लावला. "उष्णता आहे. पाणी पीत जा."

दुसऱ्या दिवशी मानेवर उठल्या. "डास," काका म्हणाले. तिसऱ्या वेळी पाठीवर उठल्या, तेव्हा काका जरा गंभीर झाले. "तुझा स्वभाव मुळातच चिडका. तो आता कातडीवर यायला लागलाय."

"अहो, ढेकूण आहेत."

"ढेकूण?" काका असे दचकले, की जणू काकूंनी त्यांच्या आईचं नाव घेतलं. "ढेकूण घाणेरड्या लोकांकडे होतात. आपल्या घरात? आणि एकाच पलंगावर झोपतो ना आपण? मग मला कसे चावत नाहीत? ढेकणांना काय माणसांची निवड असते?"

काकांच्या अंगावर खरोखर एक ठिपका नव्हता. काकूंनी चादर दाखवली; कडेला काळे ठिपके पडले होते, पेनाचं टोक टेकवावं तसे.

"शाई सांडली असेल."

"या घरात शेवटचं कोणी काय लिहिलं?"

काकांनी खडू उचलला आणि दुकानाची वाट धरली.

अशात लेकीचा फोन आला. बाळाला घेऊन महिनाभर राहायला येते म्हणाली. नात जन्मल्यापासून काकूंनी तिला फोनच्या काचेतच पाहिलं होतं. पाळणा माळ्यावरून उतरला, पुसून झाला, नवी दोरी आली. पण काकूंच्या पोटात खोटं राहत नाही. त्यांनी हाताच्या गांधी लेकीला सांगून टाकल्या.

"आई, ढेकूण असले तर मी नाही येणार," लेक म्हणाली. "तिची कातडी बघितलीस ना? जोरात पुसलं तरी लाल होते."

काकांनी फोन ओढून घेतला. "अगं, एकसुद्धा नाही! मी स्वतः झोपलोय!"

"बाबा, तुम्ही झोपलात की झोपलात. मी जन्मले तेपण तुम्हाला कळलं नव्हतं. मला आईने हो म्हटलं तरच मी निघेन."

म्हणजे नातीचं येणं आता काकूंच्या एका शब्दावर आलं, आणि तो शब्द काकूंना खोटा द्यायचा नव्हता.

काकूंनी अंथरूण उचललं आणि त्या स्वयंपाकघरात झोपायला गेल्या. थोडे दिवस बरे गेले. मग तिथेही टाके पडू लागले. ढेकूण हा मोठा मायाळू प्राणी. माणसाचा श्वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो चालत येतो. एवढं चालायचं नसलं तर अंथरुणाच्या घडीत बसून येतो. काकूंनी त्याला स्वतःच उचलून आणलं होतं. काकांना मात्र यात पुरावा दिसला.

"बघ! जिथे तू तिथे ते. म्हणजे दोष घरात नाही, तुझ्यात आहे."

तरी बायकोच्या समाधानासाठी त्यांनी बाजारातून फवारा आणला आणि पलंगावर असा मारला, की शेजारची मांजर दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. ढेकूणही गेले, पण शहाण्यासारखे थोडे थोडे, वेगवेगळ्या दिशांनी. कोणी दिनदर्शिकेमागे गेला, कोणी विजेच्या बटणांच्या पेटीत, कोणी दाराच्या चौकटीच्या फटीत. काही भिंत ओलांडून शेजारणीकडे पोचले. चार दिवसांनी ती दारात उभी.

"काका, तुमचे पाहुणे आमच्याकडे उतरलेत. कधी नेताय?"

"आमच्याकडे ढेकूण नाहीतच," काका म्हणाले.

"खरंय. आता आमच्याकडे आहेत."

काकूंनी मग एक केलं. पलंगाची चादर काढली, गरम पाण्यात घातली आणि एक स्वच्छ पांढरी चादर अंथरली. "आठवडाभर तुम्ही एकटेच झोपा इथे," म्हणाल्या. "मी पाऊल ठेवणार नाही. नवी गादीही आणायची नाही." काकांनी आनंदाने मान डोलावली. एवढ्या सोप्या अटीवर जिंकायला कोणाला आवडत नाही?

आठवडा सरला. सकाळी काकू आल्या तेव्हा काका नुकते उठून बसले होते, अंग ताणत होते. "पास," ते म्हणाले.

काकूंनी त्यांना बाजूला सारलं. उशाकडची चादर उचलली, गादीच्या शिवणीची कड अंगठ्याने उलटली आणि सुईच्या टोकाने आतून एक जीव बाहेर काढला. जेवणावळीतून उठलेल्या माणसासारखा तो फुगला होता, धड चालताही येत नव्हतं. काकूंनी तो पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि अंगठा टेकवला. चादरीवर लालभडक डाग पसरला.

"मी आठवडाभर या पलंगाला शिवलेली नाही," काकू म्हणाल्या. "हे रक्त कोणाचं?"

काका डागाकडे बघत राहिले. मग स्वतःच्या दंडाकडे. तिथे काहीच नव्हतं. आणि ते काहीच नसणं त्यांना पहिल्यांदा भयानक वाटलं.

"म्हणजे मलापण चावतात?"

"रोज. पोटभर. तुमची कातडीसुद्धा तुमच्यासारखीच आहे, तिला काही कळत नाही."

तसं असतं खरं. एकाच अंथरुणावर एकाच्या अंगावर गांधी उठतात, दुसऱ्याच्या उठत नाहीत. जेवणारा दोघांकडे सारखाच जेवतो. काका खाली बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून आता गाद्या जाऊ लागल्या. थप्प्यांमागून थप्प्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात खडूची रेघ. ढेकणाच्या संगे हिरा भंगतो म्हणतात. इथे हिऱ्याने ढेकणांना दाखले दिले होते आणि टेम्पोत बसवून घरोघर पाठवलं होतं.

"आता घर साफ करू," काका पुटपुटले. "गुपचूप."

"गुपचूप नाही. दुकानातून रोज नवे येणार आणि मी इथे रोज चादरी उकळणार? आधी दुकान बंद, लोकांना सांगणं, मग घर."

"अगं, इज्जत जाईल!"

"मग लेकीला फोन करा आणि सांगा, तुझ्या बाबांची इज्जत घरी आहे, तुला जागा नाही."

काकांनी माळ्यावरून उतरलेल्या पाळण्याकडे पाहिलं. नवी दोरी पांढरीशुभ्र होती. मग त्यांनी चपला घातल्या.

दुकानात पाटी उतरवत होते, तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. काकांनी घसा साफ केला आणि सांगून टाकलं, "माझ्या गाद्यांत ढेकूण आहेत. तुमच्याकडेही गेले असतील. माफ करा."

चष्मेवाल्याने आधी मागे वळून रस्ता पाहिला. "हळू बोला ना. आहेत. मुलीच्या लग्नापासून आहेत. पण काकांची गादी तपासलेली, म्हणजे आमच्याच घरातले असणार, असं बायको म्हणाली. आम्ही कोणाला सांगितलं नाही."

दिवसभरात जो आला तो हेच बोलून गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि गावात प्रत्येकाच्या मुठीत एक ढेकूण. सगळे एकमेकांना उष्णतेवरचे उपाय सांगत होते आणि काकांच्या पाटीवर विश्वास ठेवून आपापल्या घराला नावं ठेवत होते. एवढं नाव कमावलेल्या माणसाने अजून काय कमवायचं?

पुढचे दिवस मोठे गेले. पलंगाचा सांधा न् सांधा सुटला. चादरी उकळल्या. काकूंनी इस्त्रीच्या कडक वाफेने गाद्यांच्या शिवणी हळूहळू, बोटाबोटाने शेकल्या, कारण घाई केली की ढेकूण आत सरकतो. फटी सुताराच्या लांबीने बुजवल्या. गादीला जाड प्लास्टिकचं आवरण शिवून आत राहिलेल्यांना उपाशी ठेवलं, आणि उपाशीही तो महिनोन्‌महिने जगतो म्हणून ते आवरण उघडायचं नाही, असा हुकूम निघाला. अंडी मागाहून फुटतात, म्हणून सगळं पुन्हा केलं, आणि पुन्हा. पलंग भिंतीपासून ओढला, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. झोपायची जागा बदलायची नाही, नाहीतर ते पुन्हा पांगतील. म्हणून पलंगावर कोणीतरी आमिष म्हणून झोपणं भाग होतं. या कामासाठी घरात एक अनुभवी माणूस होताच.

वाट्यांत आधी पुष्कळ सापडले. मग कमी. मग नुसतं पाणी.

लेक ठरल्यापेक्षा उशिरा आली, पण आली. बाळाला तिने खाली ठेवलं नाही, कडेवरच घेऊन दारात उभी राहिली. "आई, तू झोपलीस का त्यावर?"

"काल रात्री झोपले."

लेक, काका आणि कडेवरून उतरायला धडपडणारी नात, तिघंही काकूंच्या हाताकडे बघत होती. काकूंनी बाही सावकाश वर केली. हात स्वच्छ होता. त्यांनी दुसरी बाही वर केली. तोही स्वच्छ. मग त्यांनी कोपर खाजवलं.

"डास आहे," काकू म्हणाल्या.

पूर्वीचे काका असते तर त्यांनी विजयाने टाळी दिली असती. हे काका आत गेले, टॉर्च घेऊन आले आणि पलंगाजवळ गुडघे टेकून बसले. गादीच्या आवरणाची एकेक शिवण, एकेक कड, ते अंगठ्याने उलटून बघू लागले. बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, उठा आता," लेक म्हणाली, "पोरीला झोपवायचंय."

"थांब," काका म्हणाले. "माझ्या सांगण्यावर नको. मला काही कळत नाही."

काकूंनी नातीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने टॉर्च धरला, म्हणजे काकांना दोन्ही हात मोकळे मिळाले.