गालातली चिमूट

तवा चुलीवरून उतरला की ती चिमूटभर मिश्री डाव्या गालात धरायची, डोळे मिटायची, मग मान हलवायची. "झाली. न्या आता."

माधवनगरला आमच्या चाळीत सगळे तिला मावशी म्हणत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिच्या हातचंच सगळ्यांना लागतं. दात घासायच्या मिश्रीसाठी तंबाखू भाजावी ती मावशीनेच. दुसरीने भाजली तर कच्ची राहायची, नाहीतर जळायची. सकाळी बाया डब्या घेऊन तिच्या दारात बसत. मीही तिचीच मिश्री लावत होते. नवी सून, कुणाशी बोलत नसे. ती म्हणायची, "तोंड दिलंया देवानं, वापर की गं जरा." बाया हसत. मी पदराआड हसे.

लढाईची वर्षं होती. तिचा एकुलता लेक पलटणीत होता. तो आला की कोंबडं कापून झणझणीत रस्सा करायचा, हे तिचं कधीचं ठरलेलं.

आणि तिलाच तिखट झोंबायला लागलं. "म्हातारपणी जीब लाडावती," म्हणाली आणि भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. बायांनी चिडवलं, मावशी, आता तुझ्यासाठी पाळणा बांधतो. एका सकाळी तिने गाल ओढला तेव्हा मला आत पांढरं दिसलं, दुधावरच्या सायीसारखं. तिने बोटाने पुसलं, तरी गेलं नाही. दुखत नव्हतं. दुखत नाही तर दवाखान्यात कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. लेकाबरोबर रस्सा खायचा आहे ना, एवढंच मी म्हणाले. तेवढ्यावर ती निघाली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उजेडात गाल पाहिला. म्हणाल्या, हा अजून वाईट रोग नाही, पण पुढे होऊ शकतो. वेळेवर आलात. मिश्री आजपासून बंद, आणि मधूनमधून दाखवत राहा.

घरी येताच मावशीने आपली डबी चुलीत रिकामी केली. लिंबाच्या काडीने दात घासू लागली. डोकं धरून बसायची, चिडायची, पण बोट काही दाताला लावलं नाही. मला वाटलं, सुटली.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा ती साय जाड झाली होती आणि कडेला लाल चट्टा पडला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या. मिश्री सोडलीच नाही तुम्ही, म्हणाल्या.

"लेकाची आण घेते, बाई. त्या दिसापास्नं मी मिश्री लावली न्हाई."

पलटणीतल्या लेकाची आण ती खोटी घेणार नाही, हे मला माहीत होतं. आणि मग मला तवा दिसला. चाळीची मिश्री अजून तीच भाजत होती. चाखल्याशिवाय भाजली की नाही ते कळणार कसं? ती चिमूट तिच्या लेखी मिश्री लावणं नव्हतंच, ते काम होतं. रोज त्याच गालात, त्याच जागी. आम्ही सगळ्या दारात बसून बघत होतो.

"भाजताना गालात धरते," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडे वळली. रागावली नाही. "त्ये तर तुमच्यासाठनं, गं," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं.

गालाचा तुकडा काढला, पण रोग आत उतरला होता. पुढे ती फार दिवस राहिली नाही. लेक आला तो कुलूप लावलेल्या खोलीपाशी.

मला मात्र आठवते ती दवाखान्यातली. भेटायला गेले तेव्हा निम्मा चेहरा पट्टीत होता, बोलता येत नव्हतं. चाळीत बाया आता आपापली मिश्री भाजतात, हे मी तिला सांगितलं नाही. तिने खुणेने जवळ बोलावलं. हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं. मी ते उघडलं. तिने एक गाल पाहिला, मग दुसरा, जिभेखालीसुद्धा, आणि पुन्हा पहिला. मग हनुवटी सोडली आणि उशीवर मान टाकली.