दोरवालीने हसू आवरलं

दोरवालीचं हसणं तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं. तिच्या अंगणात बारा हात लांब दोराला बांधलेलं एखादं पिल्लू मेंढीकडे न धावता गपकन खाली बसलं, की ती मान मागे टाकून अशी हसायची की शेजारचा चक्कीवाला पिठाने माखलेलं तोंड खिडकीतून बाहेर काढायचा.

"बसलं का?"

"बसलं!"

"मग मलाही बसू दे घटकाभर. दचकून मोटारीचा पट्टा निसटला माझा!"

मेंढ्या राखणारी कुत्री तयार करणं हे तिचं काम. बावीस वर्षं करत होती, आणि कुठल्या शाळेने ते तिला शिकवलं नव्हतं. एकदा कचेरीतले एक साहेब वही घेऊन आले आणि प्रमाणपत्र मागू लागले. तिने एका तरण्या कुत्र्याचा दोर त्यांच्या हातात दिला. "धरा. हेच प्रमाणपत्र. ओढ बसली की पडायचं नाही, एवढंच." साहेब पडले. वहीसुद्धा पडली. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

पिल्लू दोन महिन्यांचं असताना तिच्याकडे यायचं. आधी जाळीच्या बाहेर बसून मेंढ्या बघायच्या. मेंढीवरची नजर काढून दोरवालीकडे वळवली की तोंडात घास. मग जाळीच्या आत, दोरावर. मेंढी पळाली तरी आपण पळायचं नाही, हा सगळा अभ्यास. पळणाऱ्याच्या मागे न पळणं भल्याभल्या माणसांना जन्मभर जमत नाही; तिला ते सात-आठ महिन्यांत कुत्र्याकडून करून घ्यायचं असायचं. आणि ती घ्यायची. तिच्या हातचं एकही कुत्रं कधी कोकराच्या अंगाला लागलं नव्हतं. हे ती न विचारता सांगायची, आणि विचारलं तर दोनदा सांगायची.

मेंढपाळांच्या बैठकीत एक नियम होता: कोकरू मारणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची मरणाची सुई. तो नियम तिनेच भांडून करून घेतला होता. "ज्याला कुत्रं शिकवता येत नाही, त्याने मांजर पाळावं," असं वर ऐकवलंही होतं.

आणि मग गठ्ठ्याची गोष्ट घडली.

कातरलेल्या लोकरीचा गठ्ठा कुणी अंगणात विसरून गेल्यासारखा दिसायचा, म्हणून गठ्ठ्या. दहा महिन्यांचा झाला तेव्हा तिने त्याला ठरल्याप्रमाणे टेकडीखालच्या मेंढपाळाकडे पाठवला. हा मेंढपाळ म्हणजे दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली आठ मेंढ्यांशी. पाचव्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात उभा. एका हातात गठ्ठ्याचा दोर, दुसऱ्या हातात पोतं. पोत्यात काय आहे ते तिने न उघडताच ओळखलं.

"कोकराच्या पाठीची कातडी निघाली होती," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. पण घाबरलं होतं फार. पहाटे गेलं."

मागे तिची सून पाण्याची बादली धरून तशीच थिजली. गठ्ठ्या मात्र शेपटी हलवत घरी आल्याच्या आनंदात होता.

"उद्या सुई," दोरवाली म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "नियम म्हणजे नियम. माझा असला तरी."

मेंढपाळ उंबऱ्यावर बसला. "त्याच्या तोंडात लोकर होती, ताई. मूठभर. मांस नव्हतं. भूक असती तर फाडलं असतं. हा खेळलाय." त्याने दोर तिच्या हातात दिला. "याला लोकरीशी खेळायला कुणी शिकवलं, ते शोध. तीन आठवडे घे. बैठकीला मी सांगतो. कोकरू माझं गेलंय, बोलायचा हक्क माझा."

"माझ्या अंगणात असलं काही शिकवत नाहीत!" ती उसळली. "तुझ्याच पोरासोरांनी—"

"पोरं नाहीत मला," तो म्हणाला, आणि पोतं उचलून गेला.

त्या दुपारी ती इतकी तापली होती की सुनेने चहा ठेवला तो तसाच गार झाला. तिने गठ्ठ्याला दोर लावला, जाळीत नेलं आणि एक थोराड मेंढी समोर सोडली. तो पळाला नाही. हळूच मागून गेला, मेंढीच्या पाठीवरचा लोकरीचा झुपका दातांत धरला, एक हिसका दिला. आणि थांबला. झुपका तोंडात तसाच धरून त्याने मान वळवली आणि दोरवालीकडे बघितलं. शेपटी हलत होती. वाट बघत होता.

ती नजर तिच्या ओळखीची होती.

"आई," सून जाळीपलीकडून हळूच म्हणाली, "मागच्या थंडीत तुमचा गुडघा धरला होता ना..."

पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती. त्या थंडीत दोरवालीला महिनाभर चालता येत नव्हतं. ती दारात खुर्ची टाकून बसायची. पिल्लाचे दात शिवशिवत होते, म्हणून तिने जुन्या लोकरी पांघरुणाला गाठ मारून त्याच्यापुढे धरली होती. तो ओढायचा, गुरगुरायचा, आणि ती खदाखदा हसायची. दुखणं विसरायला तेवढंच एक होतं. गाठ अजून दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती.

लोकर ओढली की दोरवाली हसते. पोराने धडा चोख पाठ केला होता.

ती खाली बसली, तिथेच, लेंड्यांमध्ये. गठ्ठ्या येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. बराच वेळ ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली. मग उठली, कपडे झटकले आणि चपला न घालताच टेकडीखालच्या मेंढवाड्याकडे निघाली.

मेंढपाळ खुरं तासत होता. तिने श्वास घेतला.

"मीच शिकवलं. पोरांचं उगाच बोलले. मीच."

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"तुला सांगून तू कधी ऐकलंयस?"

या माणसाला झोडावं की पाया पडावं, हे तिला समजेना. "बैठकीत उभी राहून सांगेन," ती म्हणाली. "आधी शिकवणाऱ्याचा हात तपासा, मग सुई भरा, असा नियम बदलून घेईन." आणि पुढच्या बैठकीत तिने खरंच तसं केलं, मांजर पाळण्याचं वाक्यही सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं. पण त्या क्षणी मेंढपाळाने फक्त सुरी खाली ठेवली, कोपऱ्यातली एक म्हातारी मेंढी दोरीने ओढत आणली आणि दोरी तिच्या हातात दिली.

"हिला घेऊन जा. हिच्यापुढे खेळ चालत नाही कुणाचा."

ज्याचं कोकरू गेलं, तोच मारणाऱ्याला शिकवायला स्वतःची मेंढी देत होता. दोरवालीने दोरी मुठीला गुंडाळली आणि घराची वाट धरली.

म्हातारीचा चेहरा लांबट, डोळे बारीक, आणि अंगणातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी ठेवली आहे असा भाव. सुनेने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं.

"काय गं, कुणावरून?"

"मी कुठं ठेवलं, आई? तिच्या तोंडावरच लिहिलंय."

एरवी दोरवाली याला हसली असती. पण आता घरात हसायला बंदी होती. गठ्ठ्या समोर असताना आवाज नाही, टाळी नाही, कौतुक फक्त घासाचं. ती गाठ तिने जाळीत टाकून दिली. गठ्ठ्या ती तोंडात धरून आणायचा, आणि दुसरं टोक धरायला कुणी यायचं नाही. टाकली की घास. बाराव्या दिवशी त्याने ती आणणंच सोडलं.

उरलेलं सासूबाईंनी केलं. लोकरीला तोंड लागायचा अवकाश, ती गर्रकन वळून डोक्याने अशी धडक द्यायची की गठ्ठ्या घरंगळत जायचा. एकदा तर तो थेट पाण्याच्या टाकीत. सून पोट धरून घरात पळाली. दोरवाली ओठ दाताखाली दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. चक्कीवाल्याने खिडकीतून विचारलं, "बरं नाही का हो?" तिने नुसता हात हलवला.

तीन आठवडे संपले. डॉक्टरीणबाई आल्या, बॅग भिंतीच्या कठड्यावर ठेवली. मेंढपाळ दोन आठवड्यांची चार कोकरं घेऊन आला. दोरवालीने गठ्ठ्याच्या गळ्यातला दोर सोडला. गाठ सुटायला वेळ लागला.

कोकरं उधळली. गठ्ठ्या उठला. पुन्हा बसला. एक कोकरू टुणटुण उड्या मारत आलं, त्याच्याभोवती फिरलं, आणि त्याच्या मानेचे पांढरेशुभ्र केस तोंडात धरून ओढू लागलं. चांगलंच ओढू लागलं.

गठ्ठ्याने दोरवालीकडे बघितलं.

ती दगडासारखी उभी होती. हसले तर जीव जाईल याचा, एवढंच तिच्या डोक्यात. कोकराने आणखी एक हिसका दिला. गठ्ठ्याने सुस्कारा सोडला, मान वळवली, पंजांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. कोकरू केस चघळत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली. "माझं इथं काही काम दिसत नाही. चहा असेल तर थांबते."

मेंढपाळ गठ्ठ्याजवळ गेला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नेतो याला."

"दादा," दोरवाली म्हणाली, "तुझं कोकरू गेलं, आणि तूच..." भांडणात कधी न अडलेली जीभ इथं अडली.

"कोकरू माझं, कुत्रंही माझंच होतं," तो म्हणाला. "एका दिवसात दोन जीव कशाला घालवायचे?" त्याची त्या दिवसाची वाक्यं बहुधा संपली. गठ्ठ्या त्याच्या मागोमाग, कोकरांच्या चालीने, रस्त्याला लागला. वळणावर मेंढपाळाने हात वर केला. "म्हातारी ठेव तुझ्याकडेच. पुढच्या पिल्लांना लागेल."

ते दिसेनासे होईपर्यंत ती उभी राहिली. मग मूठभर पेंड घेतली, जाळीत गेली आणि सासूबाईंपुढे वाकली. जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. म्हटलं, इथून सुरुवात करावी.

"तुझे लई उपकार झाले गं, बाई."

सासूबाईंनी पेंड खाल्ली. मग दोरवाली वळली, तशी मागून अशी सणसणीत धडक दिली की ती थेट गवताच्या भाऱ्यावर जाऊन आदळली.

तीन आठवड्यांचं साठलेलं हसू एकदम बाहेर आलं. ती गवतात पडल्या पडल्या हसत सुटली. सून धावत आली आणि तीही खाली बसून हसू लागली. चक्की बंद झाली. पिठाने माखलेलं तोंड खिडकीतून बाहेर आलं.

"बसलं का?"

"बसलं!" दोरवाली ओरडली. "आणि मीही बसले!"