सत्तावीस नंबरची होडी

गोंदिया मागे पडलं तसं डब्यातलं मराठी विरळ होत गेलं. डोंगरगढची टेकडी खिडकीतून सरकत असताना समोरच्या बाईंनी विचारलं, "रायपुर में किसके यहाँ?"

"बहन के यहाँ."

"शादी-ब्याह है क्या?"

मी नुसतीच मान हलवली. त्यांनी तो होकार समजला आणि मला लाडू दिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीसाठी नागपूरहून निघालाय, हे सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही. लाडू मात्र दुर्गपर्यंत घशाशी राहिला. लहानसं खोटंही मला पचत नाही, आणि तरी ते तोंडून जातंच.

बोलावणं मनोहर भाऊजींचं होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते अशा होड्या घरी बनवू लागले. पावसाळ्यानंतर अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण डावा हात तसाच लोंबत राहिला. फोनवर म्हणाले, "रिमोटले दोन काड्या असतात. उजवीनं होडी वळते, ते मी पाहतो. डावीनं शीड आत-बाहेर होते, तिच्यासाठी माणूस पाहिजे. तू ये."

मग ताईनं फोन घेतला आणि आवाज दाबून म्हणाली, "या शर्यतीत नाही जमलं तर होडी क्लबले देऊन टाकतो म्हणून राहिले. होडी गेली ना विलास, तर हे पलंगावरून उठणार नाहीत, पाहजो."

रायपूरला भाची रुचिता स्कूटर घेऊन स्टेशनवर आली होती. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. "बाबा कसे आहेत?" "नाटक कर रहे हैं मामा. बोलते हैं आख़िरी रेस है." चौबे कॉलोनीतल्या घरी होडी दिवाणावर उभी होती, शीड माझ्या कमरेपेक्षा उंच, त्यावर काळ्या अक्षरांत २७. भाऊजींनी रिमोटचा पट्टा गळ्यात घातला, मला डावीकडे उभं केलं आणि माझा उजवा अंगठा डाव्या काडीवर ठेवला. "मी 'घे' म्हणलं की खाली ओढायची, शीड आत येते. 'सोड' म्हणलं की वर ढकलायची." जेवणापर्यंत आम्ही दिवाणावरच होडी हाकली. त्यांचा डावा हात मधे मांडीवर पडून होता, कोणी ठेवून विसरलेल्या पिशवीसारखा. ताईनं त्याला तेल लावलं तेव्हाही ते त्याच्याकडे बघत नव्हते.

रविवारी सकाळी बीरगांवच्या पुढच्या तलावावर पोहोचलो. वाटेत एका टपरीवर चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाल्ला, सोबत टमाट्याची झणझणीत चटणी. मी तीन खाल्ले. ताईच्या डब्यात फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) आहे हे आठवल्यावर अपराधी वाटलं, आणि मग तोही खाल्ला.

तलाव मोठा नव्हता. एका कडेला जलकुंभीची (जलपर्णीची) हिरवी गादी, मध्ये होड्यांनी वळसा घालायचे दोन नारिंगी बोये तरंगत होते, पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. बाकीचे लोक पाण्याकडे पाहायच्या आधी त्या चिमण्यांकडे पाहत होते. भाऊजी म्हणाले, "धूर जिकडे वाकला तिकडे हवा चालली. धूर वळला की समजायचं, थोड्या वेळानं पाण्यावरची हवाही वळते. आमच्या क्लबचं हेच घड्याळ आहे."

साहू भैया हे क्लबचे जुने गडी, गळ्यात शिटी. त्यांनी मला नियम समजावला. "भैया, यहाँ अंपायर नहीं है. बोया को नाव लगी, तो ख़ुद हाथ उठाना, अपना नंबर बोलना, और वहीं एक पूरा गोल चक्कर मारना."

"और किसीने देखा नहीं तो?"

"हव (हो), तभी तो ख़ुद बोलना है!" म्हणून ते मोठ्यानं हसले.

पहिल्या फेरीतच त्यांची होडी बोयाला घासली. "ग्यारह, छुआ!" हात वर, होडी गर्रकन गोल. काठावरून कोणीतरी ओरडलं, "साहू भैया, जलेबी बना रहे हो क्या?"

आमचं बरं चाललं होतं. "घे... घे... आता सोड. अरे सोड ना बाबू, बहिणीचं माहेरपण आहे का हे धरून ठेवाले!" माझा अंगठा घामानं घसरत होता. तरी दुसऱ्या फेरीत आम्ही तिसरे होतो. भाऊजींचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी असा पाहिला. गाल आत ओढलेले, डोळे बारीक. मागे ताई थर्मास छातीशी धरून उभी होती. "पुढे आहेत का रे?" तिनं कुजबुजत विचारलं.

शेवटच्या वळणावर त्यांनी "सोड" म्हटलं आणि लगेच धूर पाहायला मान वर केली. माझ्याकडून उशीर झाला. शीड आतच राहिलं, होडी वळता वळेना, आणि तिची कड नारिंगी बोयाला लागली. बोया डुलला, एकदाच. मग मी काडी ढकलली आणि होडी सुटली.

कोणी पाहिलं नव्हतं. बाकीचे उभे होते तिथून आमच्याच होडीच्या शिडानं ती जागा झाकली होती. मी ताईकडे पाहिलं, भाऊजींच्या गालांकडे पाहिलं. तिसरा नंबर आला तर होडी घरात राहील. एवढ्यानं कोणाचं काय बिघडणार होतं? होडी बोयापासून चांगली दूर गेली तोवर मी गप्प होतो.

मग माझा हात वर गेला. "सत्ताईस, छुआ!"

हात वर गेला तो उजवा. काडीवर होता तोच.

"अरे काडी!" भाऊजी ओरडले. त्यांनी होडी वळवायला घेतली होती, आणि शीड आत आल्याशिवाय ती वाऱ्यातून पार होणार नव्हती. मी गडबडीनं हात खाली आणला आणि थबकलो. काडीवर अंगठा होता. वाकडा, तेलानं चकाकणारा, थरथरणारा. तो हात मांडीजवळून वर कधी आला ते मी पाहिलं नव्हतं. त्यांनीही पाहिलं नसावं. अंगठ्यानं काडी खाली ओढली, थोडीशी. शीड आत आलं. होडी अर्ध्यात अडकली, शीड फडफडलं. अंगठ्यानं पुन्हा ओढली.

ताईच्या हातातून थर्मासचं झाकण पडलं.

साहू भैयांची होडी आम्हाला मागे टाकून गेली, पण ते स्वतः आमच्याकडेच पाहत होते. "आराम से मनोहर भैया, आराम से. हवा कहीं नहीं जा रही."

गोल पूर्ण झाला. पुढचं सारं अंतर मी नुसता बाजूला उभा होतो, दोन्ही हात पाठीमागे बांधून. अंगठा दोनदा घसरला, एकदा होडी जलकुंभीत शिरता शिरता वाचली. आम्ही मागून दुसरे आलो.

मी भाऊजींना म्हणालो, "लगेच सांगायला हवं होतं. मी थांबलो. लपवावं असं मनात आलं होतं."

ते डाव्या अंगठ्याकडे पाहत होते. मग माझ्यावर उखडलेच. "त लगेच सांगाचं ना! बोयापाशी चांगली हवा होती, तिथंच चक्कर मारला असता त चौथे तरी आलो असतो!" माझ्या कबुलीचं त्यांना एवढंच मोल होतं, आणि मला त्यात फार हलकं वाटलं.

साहू भैया भीतभीत जवळ आले. "भैया, वो नाव... आप क्लब को देने बोले थे?"

"काहून? कोन म्हणे?" भाऊजी मराठीतच गरजले, आणि होडी उचलायला वाकले. उजव्या हातानं उचलली. डावा खालून टेकायला आला, नुसता टेकला. रुचितानं मान वळवून डोळे पुसले आणि म्हणाली, "बोला था ना मामा, नाटक."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत भिलाईच्या पुढे रुचिताचा फोन आला. पापा रिमोट घेऊन बसलेत, मम्मी ओरडतेय, खाना ठंडा हो गया. मागून भाऊजींचा आवाज आला, "त्याले सांग, पुढच्या इतवारी येऊ नको म्हणा. हात मधे येतो त्याचा!"

खिडकीतून एका चिमणीचा धूर दिसला, पश्चिमेकडे वाकलेला. मी किती तरी वेळ पाहत राहिलो. मी माझा हात मदत म्हणून दिला होता, आणि खरी मदत तो काढला तेव्हा झाली. हेही माझं कर्तृत्व नव्हे. मी तर नुसता नियम पाळला, तोही उशिरा.

गोंदियाला एक काका चढले. ताईनं बांधून दिलेला फरा मी पुढे केला. घास घेत त्यांनी विचारलं, "रायपूरले कोणाचं लग्न होतं का?"

"नाही," मी लगेच म्हणालो. "होड्यांची शर्यत होती. आम्ही मागून दुसरे आलो."