उघड्या दारासमोरचा टीव्ही

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला कराडचं ते एसीचं गार दुकान आठवतं आणि मान खाली जाते. कडेगावच्या आमच्या घरासाठी टीव्ही घ्यायचा होता, पंचवीस हजारांच्या आतला. भिंतभर पडदे झगमगत होते. आई एकेका टीव्हीसमोर उभी राहायची आणि मग दुकानाच्या काचेच्या दाराकडे बघायची. शेवटी ती सेल्समनला म्हणाली, "आवं, ह्यो जरा दारासमोर मांडून दावा की. आमचं दार दिवसभर उघडं असतंय, बायका येत्यात-जात्यात. उजेडात दिसंल का न्हाई?" सेल्समन हसला. मीही त्याच्याबरोबर हसलो आणि दबक्या आवाजात आईला म्हणालो, "गप की जरा, लोक बघत्यात." मग मला आवडलेला, सगळ्यात चकचकीत पडद्याचा टीव्ही मी घेतला. दोन महिन्यांनी पुण्याहून सुट्टीला घरी गेलो, तर भरदुपारी आमचं दार लावलेलं. शेजारची काकू आपल्या ओट्यावरून म्हणाली, "दार उघडं ठेवलं की टीव्हीत नुसतं अंगणच दिसतंय म्हणून तुझी आई दार लावून बसती. लावलेलं दार आमी कशाला वाजवायचं? आता कोण जात न्हाई तिकडं." आत अंधारात आई एकटीच मालिका बघत होती. अजूनही मी टीव्ही बदलू म्हटलं की ती म्हणते, "ऱ्हाऊ दे रं. चांगला हाय की. तू पसंत केलायस न्हवं?"