आठव्या खोलीपुढची चप्पल

भाड्याच्या कुठल्याही इमारतीत शिरताना साहेब आधी वाकायचे. नव्या माणसाला वाटायचं, उंबऱ्याच्या पाया पडतायत. पण ते दारापुढच्या चपला मोजत असायचे. मोजून झालं की कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचे आणि म्हणायचे, "भाडं सांगायला जीभ पुरती, कंडक्टर. ऱ्हायला पाय लागत्यात."

मी एसटीत कंडक्टर. तीस वर्षं डोकी मोजली. साहेबांनी जवळपास तेवढीच वर्षं एका पतसंस्थेत कर्जाआधी जागा तपासल्या. निवृत्त झाल्यावर ते धाराशिवच्या स्टँडसमोर टपरीवर बसायचे आणि कुणी घर, गाळा घ्यायला निघाला की त्याला फुकट अक्कल द्यायचे. चहाचे पैसे मात्र कधी दिले नाहीत. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

त्यांचा हिशोब सोपा. "बारा महिन्याचं भाडं धरतो त्यो येडा. दहाच धरायचं. त्यातनं टँकर, रंग, घरपट्टी वजा करायची. उरल्यात बँकेचा हप्ता बसला तर कर्जाला हात लावायचा, न्हायतर रामराम."

माझ्या मेहुण्याला त्यांनीच वाचवलं. तेरखेड्यात फटाक्याच्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या तो विकत घेणार होता. दारोदार चपलांचा ढीग बघून गडी हरखला. साहेब म्हणाले, "दिवाळी झाल्यावर येऊ." दिवाळीनंतर गेलो तर दारात एक कुत्रं झोपलेलं. साहेब वाकले. "चार पाय हायत, पण भाडं देत न्हाय." मेहुण्यानं तिथंच हात जोडले.

अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा, सांगा बरं?

मी निवृत्त झालो तेव्हा हातात आलेली सगळी पुंजी घेऊन त्यांच्याकडेच गेलो. बायको म्हणत होती, बँकेत ठेवा. मी म्हटलं, साहेब आहेत ना. चार दिवसांनी ते म्हणाले, "कॉलेजच्या मागं आठ खोल्या हायत. पोलीस भरतीची पोरं ऱ्हात्यात. निम्मे तुमचे, निम्म्याचं कर्ज. दहा महिन्याच्या भाड्यात हप्ता निघून वर उरतंय."

नवरात्रातली सकाळ होती. साहेब अनवाणी आलेले. दोन खोल्या उघड्या, सहांना कुलूप. पण आठही दारांपुढं चपला. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "पोरं बूट घालून मैदानावर पळायला गेल्यात." मी वाकून मोजलं, त्यांनी शिकवलं तसं. एकोणीस जोड. वाकलोच होतो म्हणून त्यांचे पाय दिसले. टाच फुटून रक्त आलं होतं. "आईचं नवरात्र," ते म्हणाले, "नऊ दिवस पायात काय न्हाय." मला भरून आलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय चटकन मागं घेतले. मला वाटलं, संकोच.

खरेदी झाली. महिन्यानं भाडं आणायला गेलो तर कुलपं तशीच, चपलांवर धूळ. पहिल्या खोलीतल्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, आमच्या दोनच खोल्या भरल्यात. ह्या चपला तर तुमच्या साहेबांनी पोत्यातनं आणल्या. मला वाटलं, दानधर्म करत्यात."

मी शेवटपर्यंत गेलो. आठव्या दारापुढं एकच जोड. डाव्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. टपरीवर बाकाखाली ती चप्पल मी किती वर्षं बघितली होती. पोत्यातल्या चपला एका दाराला कमी पडल्या होत्या, बस्स.

मग टपरीवर एकेक कळत गेलं. जागा विकणारा साहेबांचा जावई होता. हप्ते थकलेले, जप्ती यायच्या बेतात. लेक बापाच्या दारात येऊन रडली होती. साहेबांनी लेकीला वर काढलं आणि मला खड्ड्यात घातलं. अहो, मागितले असते तर मी तसेच दिले असते! पैसा गेला त्याचा राग आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्या पायांवर मी डोकं ठेवलं, त्याचा जास्त आहे.

साहेब लेक-जावयाबरोबर गाव सोडून गेले. फोन लागत नाही. मी या वयात एका ट्रॅव्हल्सच्या बुकिंगवर बसतो आणि हप्ता भरतो.

परवा जागेला गिऱ्हाईक येणार होतं. मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, चपला मांडू का?" आठव्या दारापुढची सोडून बाकीच्या मी परत पोत्यात भरून ठेवल्या होत्या. मी पोतं बघितलं, आणि देवाशपथ सांगतो, 'नको' म्हणायला मला वेळ लागला.

मास्तर सगळं फिरून आठव्या दारापाशी थांबले. "ही भरलीय का?"

"न्हाय," मी म्हटलं. "माणूस गेला, चप्पल ऱ्हायलीय."

मास्तर गेले, ते परत आले नाहीत. मी ती चप्पल उचलली, धूळ झटकली आणि परत तिथंच ठेवली. साहेबांची टाच लई नाजूक होती.